कंसातला हशा

त्याला वाक्य आवडलं, तिथंच सगळं बिघडलं. पालिकेचा वकील उभा राहून एका जाड, लाल बांधणीच्या पुस्तकातून काहीतरी वाचून दाखवत होता, आणि तो आपल्या खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धे मिटून, पंख्याच्या पात्यांकडे बघत बसला होता. समोरच्याचं वाचन ही वकिलाची हक्काची विश्रांती. पालिकेच्या वकिलाला कोर्टात सगळे पॉलिश म्हणतात, त्याच्या बुटांवरून. आवाजही तसाच, घासून चकचकीत केलेला. पॉलिश वाचत होता, 'सन्माननीय सदस्य विचारतात, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला हलवायचं कसं? मी विचारतो, ऐकत बसलो तर हलवायचं कधी? शहर म्हणजे काही दिवाणखाना नव्हे, एकानं कैफियत मांडावी आणि बाकीच्यांनी चहा प्यावा.' बरं बोललाय, असं त्याच्या मनात आलं. चुकीचं बोललाय, पण बरं बोललाय. पॉलिशनं पान उलटलं. 'आणि ऐकून न घेण्याचंच म्हणाल, तर तो कायदा आमच्या घरी फार आधीपासून लागू आहे. आमच्या सौभाग्यवतींनी लागू केलेला आहे.' पॉलिश थांबला, वर बघून म्हणाला, "कंसात, हशा," आणि पुस्तक मिटू लागला. तेवढ्यात खुर्चीत रेललेला तो ताठ झाला. हे वाक्य ओळखीचं होतं. उलटं घातलेल्या सदऱ्यासारखं, पण ओळखीचं. तो अर्धवट उठला आणि त्यानं विचारलं, "हे कोण बोललं?"

पॉलिशनं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पसरून, अगदी लग्नात यजमानानं पाहुण्याला पुढे करावं तसं, म्हणाला, "आपणच, साहेब! नगरविकास मंत्री असताना. हाच कायदा सभागृहात मांडताना."

कोर्ट फुटलं. मागच्या बाकांवरचे नवे वकील, पट्टेवाला, दारात उभी असलेली माणसं, सगळे हसले. न्यायाधीशसुद्धा हसले, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "आता जेवून घेऊ या," ते म्हणाले, "जेवणानंतर बघू, कोण बोललं ते." आणि सगळे उभे राहिले म्हणून तोही उभा राहिला, आधीच अर्धा उभा होता, उरलेला अर्धा झाला.

बाररूममध्ये त्याचं स्वागत झालं. एकानं पाठीवर थाप मारली. एका म्हाताऱ्या फौजदारी वकिलानं तोंडातला घास तसाच ठेवून टाळ्या वाजवल्या. "मानलं साहेब! आपल्याच भाषणाला ओळख द्यायची नाही! असा हात झटकलेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही." दुसरा म्हणाला, "पॉलिशचं तोंड बघितलं का? सकाळपासून बिचारा ते पुस्तक काखेत घेऊन फिरत होता, जावई पकडून आणल्यासारखा. आणि साहेब विचारतात, हे कोण!" तोही हसला. हसणं त्याला जमतं. हनुवटी थोडी खाली, एक भुवई वर, खांदे हलतील इतपत. सभागृहात असताना फोटोवाल्यांना हाच त्याचा फोटो लागायचा. यांना वाटतंय मी नाटक केलं. सगळ्यांना वाटतंय. आपल्याला बुद्धिमान समजणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून घाबरणं फार अवघड असतं, कुणी जागाच देत नाही.

ते भाषण त्याला आठवत नव्हतं. त्यानं प्रयत्न केला. सभागृहाचा गालिचा आठवला, शेवाळी रंगाचा, आणि त्याच्या बाकापाशी झिजून दोरे निघालेला. माइकवरचा लाल दिवा आठवला. जिभेखालची पेपरमिंटची गोळी, बोलायला उठण्याआधी ती गालात सरकवायची सवय. समोरच्या बाकावरचा विरोधी पक्षनेता, जो भाषण चालू असताना कानात काडी घालून हलवायचा, मुद्दाम, अगदी मुद्दाम. सगळं होतं. रंगमंच होता, पडदा होता, दिवे होते. फक्त उभा राहिलेला माणूस बोलत नव्हता. तोंड हलत होतं आणि आवाज काढून घेतलेला होता. तो स्वतःची परीक्षा घेऊ लागला, लहान मुलाची घेतात तशी. मालमत्ता हस्तांतराची कलमं? आली, ओळीनं आली. पहिल्या निवडणुकीची निशाणी? छत्री. भाचीचा वाढदिवस? तो माहीत नव्हता, पण तो त्याला कधीच माहीत नव्हता, त्यामुळं ते धरायचं की नाही? तो दचकला. आता आपणच आपल्या वतीनं सबबी सांगायला लागलो.

आणि गाडीचं? गाडीचं काय सांगणार? मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी तयार होऊन तो खाली उतरला, स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसला, फाईल मांडीवर उघडली आणि वाचू लागला. बराच वेळ वाचत होता. गाडी हलत नव्हती, पण रस्त्यात गर्दी असते. मग शेजारच्या बाईंनी काचेवर टकटक केलं. "साहेब, कुणाची वाट बघताय?" ड्रायव्हरची. निवडणूक हरल्याच्या आठवड्यात सरकारनं आपल्या गाडीबरोबर परत नेलेल्या ड्रायव्हरची. त्या वेळी तो शेजारच्या बाईंना म्हणाला होता, "इथं सावली छान आहे, म्हटलं इथंच वाचावं," आणि त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं बाई काहीतरीच." तेही नाटकच ठरलं. माणसानं एकदा विनोदी म्हणून नाव काढलं की त्याला वेड लागलेलं लोकांना कळायला दोन-चार वर्षं सहज जातील. आणि 'महोदय'! तो शब्द त्याचा वैरी झाला होता. इकडे न्यायाधीश महोदय, तिकडे अध्यक्ष महोदय. हल्ली बोलायला उठला की तो क्षणभर थांबे, पाय खाली लाकडावर आहे की गालिच्यावर याची खात्री करून घेई, मगच पहिला शब्द उच्चारी. त्या थांबण्याचं नव्या वकिलांमध्ये कौतुक होतं. साहेबांचा पॉज. एकजण म्हणे घरी आरशासमोर तो पॉज घोटतो.

तो बाररूममधून उठला, "पाय मोकळे करतो" म्हणाला, आणि जिन्याच्या मधल्या वळणावरच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली आवारात टायपिंगवाले बसले होते, छत्र्या लावून. भाची त्याला शोधत तिथंच आली. ती त्याच्या हाताखाली वकिली करते. कोर्टात 'सर' म्हणते, जिन्यात 'मामा'. जिना ही दोन्हीच्या मधली जागा, त्यामुळं तिथं ती आधी काहीच म्हणत नाही. तिनं डबा पुढे केला.

"भूक नाही."

"मी विचारलं नाही, मी डबा दिला." मग ती खिडकीच्या कठड्याला टेकली. "मामा, ते नाटक होतं ना?"

"तुला काय वाटलं?"

"प्रश्नाला प्रश्न कोर्टात. इथं नाही."

"नाटकच ते," तो म्हणाला.

आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. ओझं उतरताना माणूस जरा उंच दिसतो, तशी ती दिसली. त्या उंच होण्यानं तो जास्त घाबरला. म्हणजे ही इतके दिवस वाकलेली होती. त्याला एकेक दिसायला लागलं: फाईलमधल्या रंगीत चिठ्ठ्या, ज्या पूर्वी नव्हत्या. गाडीच्या किल्ल्या, ज्या 'सर्व्हिसिंगला' गेल्या त्या आल्याच नाहीत. सुनावणीच्या आधी रोज होणारा तिचा फोन, 'सहजच केला मामा.' त्याच्या गुडघ्याएवढी असताना ती त्याच्या टेबलाखाली बसून रबरी शिक्के उमटवायची, आणि आता ती त्याच्या टेबलाभोवती, त्याला न दिसेल असं, कुंपण घालत होती.

पण ती वकीलही होती. उंच झालेली ती पुन्हा खाली आली. "मामा, एक करा. नाटक असेल तर सुट्टीनंतर तुम्हीच बोला, तुमच्याइतकं मला जमणार नाही. नाटक नसेल तर मी बोलते. मला सांगू नका काय होतं ते. फक्त उठायचं की नाही एवढं ठरवा." ती त्याची पांढरी कॉलर सरळ करू लागली, जी सरळच होती. "स्थगिती आज मिळाली नाही तर उद्या त्या बाईंचं दुकान पाडतील. दुकान त्यांचं आहे. आपली इभ्रत आपण घरी जाऊन बघू."

ती खाली गेली. डबा त्याच्या हातात राहिला. दुकान इस्त्रीवालीचं होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून पालिकेनं तिला नोटीस दिली होती: जागा सोडा. तातडीच्या कामासाठी कुणालाही, काही न विचारता, उठवता येतं असं कायद्यात कलम होतं. तिचं म्हणणं फार मोठं नव्हतंच. काढायचं तर काढा, पण आधी माझं ऐका. कोर्टात सकाळभर त्यानं हेच मांडलं होतं, आणि छान मांडलं होतं, ऐकून घेणं हा न्यायाचा पहिला श्वास आहे वगैरे. ते कलम आपण लिहिलंय हे त्याला ठाऊक होतं, इतकं काही तो गेलेला नव्हता. वकिलाला त्याचं काही वाटत नाही; सुताराला आपणच केलेलं दार तोडायला बोलावलं तर तो कुठे रडत बसतो. पण कलम लिहिणं वेगळं आणि ते वाक्य वेगळं. ते वाक्य त्याचं नव्हतं. एवढंच त्याला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं, आणि एवढंच त्याला सिद्ध करता येत नव्हतं.

ज्या वकिलांकडे त्यानं उमेदवारी केली त्यांना सगळे थोरले म्हणत. थोरल्यांची एक पद्धत होती. अशील पहिल्यांदा आला की पेन खिशात. टेबलावरसुद्धा ठेवायचं नाही. "आपण लिहायला लागलो की माणूस लिहून घेण्यासारखं बोलायला लागतो," थोरले म्हणत. "आधी त्याला नुसतं सांडू दे. नंतर पुसायला आपण आहोतच." त्याला ते फार अवघड गेलं होतं. हात शिवशिवायचे. मग तो हाताची घडी घालून बसायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन सगळं बायकोला सांगायचा, कारण न लिहिलेलं लक्षात राहावं म्हणून दुसरा उपायच नव्हता. ती इस्त्री करत असायची. त्याच्या कॉलरींना ती खळ घालायची, आणि गरम कापडाचा, वाफेचा तो वास खोलीभर असायचा. ती वर बघायची नाही. तो अशिलाची बाजू मांडायचा, मग समोरच्याची मांडायचा, येरझाऱ्या घालत, हात नाचवत. आणि मध्येच ती इस्त्री उचलून धरायची. "थांबा. तो माणूस दोनदा दोन वेगळं म्हणालाय." किंवा, "अहो, ती बाई खोटं बोलत नाहीये, तिला लाज वाटतेय." इस्त्री खाली ठेवेपर्यंत त्याला पुढे बोलायची परवानगी नसे. तिच्याही हातात पेन नव्हतं कधी. त्याची पहिली कित्येक वर्षं त्या इस्त्रीच्या टेबलावर लढली गेली आणि जिंकलीही तिथंच गेली. याचं श्रेय त्यानं तिला दिलंही होतं, एका सत्काराच्या भाषणात, 'माझे घरचे सरन्यायाधीश' असं म्हणून. तेव्हाही हशा झाला होता.

मग लोक त्याला निवडणुकीला उभा राहा म्हणू लागले. इतके चांगले बोलता, तिथं बोला. तो गेला, बोलला, निवडून आला, मंत्री झाला. आणि मंत्र्याच्या हातात पेन असतंच. लोक रांगेनं यायचे, अर्ज पुढे करायचे, तो खाली बघून सही करता करता म्हणायचा, बोला, ऐकतोय. ऐकतोय, बोला. एकदा एक म्हातारा बोलायचा थांबला आणि नुसता उभा राहिला. यानं दुसरा अर्ज ओढला, सही केली, म्हणाला, "बोला, ऐकतोय." म्हातारा म्हणाला, "मी कधीचा गप्प आहे, साहेब." तीही गोष्ट त्यानं पुढे भाषणात वापरली. त्याला सगळंच वापरता यायचं. त्याच्या घरात, दारात, ताटात जे काही पडे ते दुसऱ्या दिवशी सभेत निघे. भाची एकदा लहानपणी म्हणाली होती, मामासमोर शिंकू नका, भाषणात येईल.

खाली कॉरिडॉरमध्ये, कोर्टाच्या बंद दाराजवळच्या बाकावर इस्त्रीवाली बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. त्याला बघून ती उठायला लागली. "बसा, बसा," म्हणून तोही शेजारी टेकला. डबा त्यानं दोघांच्या मध्ये ठेवला.

"साहेब, मघाशी तुम्ही जे केलंत ना," ती म्हणाली, "कोण बोललं हे, म्हणून. नोटीस आल्यापासून मी पहिल्यांदा हसले. मला वाटलं, आता जिंकलो. ज्याला आपलंच बोलणं असं झटकता येतं त्याला काय अशक्य आहे!"

तिच्या पदराला गरम कापडाचा वास होता. असा वास माणसाला चिकटून राहत असेल का, की हे आपल्याच नाकात आहे? विसरायला लागलेल्याला डॉक्टर वासांबद्दलही विचारतात म्हणे. त्यानं विषय बदलावा म्हणून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का? कोर्टाला?" आणि सवयीनं हात खिशाकडे गेला, पेन बाहेर आलं.

ती पेनाकडे बघून सावरून बसली. "माननीय कोर्टानं माझ्यावर दया करावी, मी गरीब..." तिनं सुरू केलं, टायपिंगवाल्यानं शिकवल्यासारखं.

त्यानं पेन परत खिशात ठेवलं. थोरले असते तर त्यांनी हातावर पट्टी मारली असती. बाई थांबली. मग ती पिशवीशी बोलल्यासारखं बोलायला लागली. "कपड्यांचं काय करू हो? लोक टाकून जातात, नेत नाहीत. एकाचा कोट आहे, लग्नाला शिवलेला, चिठ्ठी अजून लावलेली. मोडलं असेल लग्न, काय माहीत. एक शाळेचा गणवेश आहे, ते पोर आता मिशा फुटून फिरत असेल. मी टाकत नाही. दोन महिन्यांनी परत एक हात फिरवते सगळ्यांवरून, घड्या मोडू नयेत म्हणून. उद्या कुणी आलं आणि दुकानच नसलं तर तो कुठं विचारणार? माझं काय, मी कुठंही टेबल टाकीन. पण त्यांना कसं कळवू? पत्तेसुद्धा नाहीत माझ्याकडे. नुसते चेहरे आहेत." तिनं नाक ओढलं. "हसू नका, साहेब."

"हसत नाहीये," तो म्हणाला. तो खरंच हसत नव्हता. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता, तिचं बोलणं ज्या दारानं आत येत होतं त्याच दारानं दुसरंच काहीतरी आत आलं. सकाळचं स्वयंपाकघर. सरकारी बंगल्यातलं, मोठं, ज्यात त्याचं आणि बायकोचं बोलणं घुमायचं. तो उभ्यानं चहा पितोय आणि आज काय मांडणार ते तिला सांगतोय, भराभर, घड्याळाकडे बघत. तातडी, रस्ते, ऐकत बसायला वेळ नाही. ती पाठमोरी आहे. नळ चालू आहे. आणि ती म्हणतेय, न वळता, अगदी हलक्या आवाजात, "ऐकून न घेण्याचा कायदा करताय? तो इथं केव्हाचा लागू आहे." त्यानं ऐकलं. त्याच्या कानाला लगेच कळलं की वाक्य चांगलं आहे. त्यानं कप ठेवला, पेन काढलं, आणि वर्तमानपत्राच्या कडेला ते लिहून घेतलं. लिहून वर बघितलं तर ती वळलेली होती. ती त्या पेनाकडे बघत होती. मग तिनं नळ बंद केला.

त्या दिवशी ती प्रेक्षक गॅलरीत होती का? पास त्यानंच दिला होता. असेल. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली होती, "हशा चांगला मिळाला." आणि त्याला वाटलं होतं, कौतुक आहे. त्यानंतर कॉलरी बाहेर लाँड्रीत जायला लागल्या. मंत्र्याच्या घरी कुठं बायको इस्त्री करते, असं त्यानं स्वतःशी म्हटलं होतं, जरा अभिमानानंच. ती गेली तेव्हा भेटायला आलेली माणसं तिच्याबद्दल सांगत होती, फार शांत होत्या हो, कधी शब्दानं बोलल्या नाहीत. आणि तो मान हलवत होता.

पण हे खरं होतं का? त्यानं जन्मभर साक्षीदार तपासले होते. आठवण कशी बनते ते त्याला पक्कं माहीत होतं. माणसाला आधी पोकळी सापडते, मग तो तिथं बसेल असं काहीतरी आणून ठेवतो, नळ, कप, पाठमोरी बाई, आणि शपथेवर सांगतो, असंच झालं. उलटतपासणीत त्यानं स्वतःला दोन प्रश्नांत झोपवलं असतं. नळ कुठल्या बाजूला होता? वर्तमानपत्र कोणतं? मग काय उरतं? एक तर त्याचं डोकं चाललं आहे, आणि जाता जाता ते दयाळूपणानं गोष्टी रचून देतंय. किंवा डोकं ठीक आहे, आणि गोष्ट अशीच घडली. यातलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येईना. आणि कोर्टात हेच झालं तर? आज, आत्ता, बोलता बोलता पॉलिशनं आणखी एक पान वाचलं आणि त्याला ते पटलं तर? तो मान हलवत, छान, छान म्हणत समोरच्या बाजूला जाऊन बसला तर? सगळे हसतील. साहेबांचा नवा डाव म्हणतील. आणि उद्या सकाळी यंत्र येईल आणि तो कोट, तो गणवेश मातीत जाईल, आणि डाव काय होता ते कुणालाच कळणार नाही.

पट्टेवाल्यानं दार उघडलं. भाची फाईल घेऊन आली. आत शिरताना तो तिच्या कानाशी म्हणाला, "त्या बाईंना कपड्यांबद्दल विचार. लोकांनी टाकलेले..."

"विचारलंय," ती म्हणाली. "त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाच. तुम्ही तेव्हा पेन शोधत होतात, मामा." कोर्टाच्या दारात ती मामा म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

न्यायाधीश जेवून प्रसन्न झाले होते. सगळं कोर्ट भरलं होतं; इतर कोर्टांतले वकीलही येऊन भिंतीला टेकले होते, कारण बाररूममधून बातमी गेली होती की साहेब आज रंगात आहेत. पॉलिश लाल पुस्तकात खुणा घालून तयार होता. न्यायाधीश पुढे झुकले. "मग, वकीलसाहेब? कोण बोललं, काही पत्ता?"

तो उठला. पायाखाली लाकूड होतं. तो थांबला, आणि साहेबांचा पॉज बघून मागे कुणीतरी समाधानानं श्वास सोडला. "न्यायाधीश महोदय," तो म्हणाला. बरोबर आलं. "ते भाषण मला आठवत नाही."

हशा झाला. त्याला अपेक्षा होती, तरी तो अंगावर आला. त्याला हशाच्या सगळ्या जाती माहीत होत्या, खुशामतीचा, दमलेल्या सभेचा, विरोधकांना आवरता न आलेला; हा चांगला होता, मोकळा, प्रेमाचा. त्यात सहज जाऊन उभं राहता आलं असतं. एक भुवई वर केली की झालं. हशा ओसरायची त्यानं वाट पाहिली.

"खरंच आठवत नाही," तो म्हणाला.

आणखी मोठा हशा. पॉलिशनं कपाळावर हात मारून घेतला, तोही हसत होता. न्यायाधीशांचे खांदे हलत होते. इस्त्रीवाली पदर तोंडाला लावून हसत होती. एकटी भाची हसत नव्हती. ती समोर टेबलाकडे बघत होती, आणि फाईलवरचे तिचे दोन्ही हात हळूहळू मुठी होत चालले होते. तिनं ऐकलं होतं. तेवढं त्याला पुरलं. "माझी सहकारी पुढचं मांडेल," तो म्हणाला, आणि खाली बसला.

हशा मध्येच तुटला. माणसं तिसऱ्या वाक्याची वाट बघत होती आणि ते येत नव्हतं. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर अर्धं हसू तसंच राहिलं, कुठं ठेवावं न कळल्यासारखं. मग त्यांनी त्याच्याकडे जरा नीट बघितलं, आणि ते हसू त्यांनी काढून घेतलं. भाची उठली. खुर्ची वाजली. "महोदय," ती म्हणाली, पण आवाज फुटला नाही.

"मोठ्यानं बोला."

"महोदय, या दुकानात माझ्या अशिलाचं फारसं काही नाही. तिथं लोकांचे कपडे आहेत. त्या लोकांनाही कुणी काही विचारलेलं नाही."

"हरकत," पॉलिश उभा राहिला. "हे शपथपत्रात कुठंही नाही. कपड्यांचा इथं काय संबंध?"

तिच्या बोलण्यात चूक होती, ती त्याला लगेच दिसली. सुरुवात कायद्यापासून करायला हवी होती, कपडे शेवटी. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. एक चिठ्ठी, दोन शब्द, पुढे सरकवली की झालं. पेन हाताला लागलं. त्यानं ते तिथंच राहू दिलं आणि हात बाहेर काढला. रिकाम्या हातांचं काय करतात हे तो विसरला होता. शेवटी त्यानं हाताची घडी घातली, थोरल्यांच्या समोर घालायचा तशी.

"बसा," न्यायाधीश पॉलिशला म्हणाले. "मला ऐकू द्या. कसले कपडे?"

भाची सांगू लागली. न्यायाधीशांच्या पुढ्यात, खाली, टंकलेखिका मान खाली घालून टाइप करत होती. मघापासून तो तिच्या बोटांकडे बघत होता. दोन्ही वेळा, सगळं कोर्ट हसत असताना, तिची बोटं थांबली होती. हशा संपल्यावर पुन्हा चालू झाली होती. इथं हशा लिहीत नाहीत. ती पद्धत तिकडची, सभागृहातली, गालिच्यावरची. म्हणजे उद्या कुणी हा कागद काढून कुठल्या खोलीत मोठ्यानं वाचला, तर त्यात एवढंच येईल: ते भाषण मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पुढं कंस नाही. वाचणारा क्षणभर थांबेल, आणि कदाचित ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी मध्येच विचारील, हे कोण बोललं.

भाचीचा आवाज आता लागला होता. ती कोटाचं सांगत होती.